बूट पार्टिशनची फाइल सिस्टिम: सिंगल-बोर्ड संगणकावर कोणती चालते, कोणती नाही आणि ती बदलायची कशी

कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम नीट लिहिलेली असते, कार्ड लॅपटॉपला लावलं की सगळ्या फाइली दिसतात, आणि तरी बोर्ड सुरू होत नाही. मग संशय जातो तो कार्डावर, अडॉप्टरवर किंवा अर्धवट उतरलेल्या इमेजवर. त्यांचा दोष असतोही. पण ज्याने पार्टिशनं (कार्डाचे भाग) स्वतः आखली, बूट पार्टिशन, म्हणजे बोर्ड सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा भाग, मोठं केलं किंवा ते दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये (फाइली साठवण्याच्या पद्धतीत) हलवलं, त्याने आधी एक गोष्ट तपासावी. लिनक्सला ते पार्टिशन वाचता येतं हे ठीक, पण लिनक्सच्या आधी जो प्रोग्राम चालतो त्याला ते वाचता येतं का?

सगळा विषय या एका प्रश्नावर उभा आहे. ‘सगळ्यात चांगली फाइल सिस्टिम कोणती’ ही चर्चा रूट पार्टिशनसाठी, म्हणजे जिथे बाकी सगळी सिस्टिम असते त्यासाठी, करा. बूट पार्टिशनची निवड तुमची नसतेच, ती पहिल्या वाचणाऱ्याची असते.

पायरी १: पहिला वाचणारा कोण, ते ठरवा

वीज आल्यावर प्रोसेसरच्या आत कायमचा कोरलेला छोटासा कोड, म्हणजे बूट रॉम, आधी चालतो. तो पुढचा प्रोग्राम कुठून उचलतो, हे प्रत्येक कंपनीच्या चिपमध्ये वेगळं आहे.

रास्पबेरी पायचा मामला फाइलींचा आहे. पाय १ ते पाय ३ या मॉडेलमध्ये रॉम कार्डावरचं फॅट या जुन्या फाइल सिस्टिमचं पार्टिशन शोधतो, त्यातली ‘बूटकोड.बिन’ ही फाइल उचलतो, ती ‘स्टार्ट.ईएलएफ’ आणते, मग ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ वाचली जाते आणि शेवटी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. पाय ४ मध्ये पहिला टप्पा बोर्डावरच्या ईईप्रॉम या छोट्या मेमरी चिपमध्ये गेला, पण ‘स्टार्ट४.ईएलएफ’ अजून फॅट पार्टिशनवरूनच येते. पाय ५ मध्ये तीही ईईप्रॉममध्ये गेली. तरी ‘कॉन्फिग.टीएक्सटी’, कर्नल आणि डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावरच्या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या) फाइली फॅटवरच लागतात. थोडक्यात, पाय कोणताही असो, पहिलं पार्टिशन फॅट १६ किंवा फॅट ३२ ठेवा. ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सफॅट यातलं काही तिथे चालत नाही.

बीगलबोन ब्लॅकवरची टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीची चिपही फॅट वाचते. ती ‘एमएलओ’ नावाची फाइल पार्टिशनच्या मूळ फोल्डरमध्ये शोधते आणि ते पार्टिशन ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून खूण केलेलं लागतं. फाइल सिस्टिम वापरायची नसेल तर तोच कोड कार्डावर थेट ठरावीक जागी लिहिण्याचीही सोय या चिपमध्ये आहे.

ऑलविनर, रॉकचिप आणि अ‍ॅमलॉजिक या चिप्सच्या बोर्डांवर गोष्ट उलटी होते. त्यांचा रॉम फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. कार्डाच्या सुरुवातीपासून ठरावीक सेक्टरवर (५१२ बाइटच्या तुकड्यावर) जे काही आहे ते तो उचलतो. ऑलविनरसाठी ती जागा ८ केबीवर, रॉकचिपसाठी सेक्टर ६४ वर म्हणजे ३२ केबीवर. तिथे यू-बूट या बूटलोडरचा, म्हणजे कर्नल शोधून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला तुकडा असतो. पुढे पूर्ण यू-बूट चालू होतो आणि मग तोच पार्टिशनं बघतो. म्हणजे इथे फाइल सिस्टिमचा पहिला वाचणारा यू-बूट आहे, आणि यू-बूटला फॅटबरोबर ईएक्सटी४ सुद्धा येतं. अर्थात तुमच्या बोर्डासाठी तो बांधताना ती सोय चालू ठेवली असेल तर.

यूईएफआय हे पीसीवर असतं तसं फर्मवेअर असलेला बोर्ड असेल तर पुन्हा फॅटच. ‘ईएफआय’ फोल्डरमध्ये ‘बूट’, त्यात ६४-बिट आर्मसाठी ‘बूटएए६४.ईएफआय’.

पायरी २: आत्ता काय आहे ते लिहून ठेवा

काही बदलण्याआधी चालू स्थितीची नोंद घ्या. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवलं की प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टिम, लेबल आणि यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) दिसतो. ‘एफडिस्क -एल’ पार्टिशन टेबलचा प्रकार, सुरुवातीचे सेक्टर आणि प्रत्येकाचा टाइप दाखवतो. ‘फाइंडएमएनटी’ ला बूट फोल्डरचा मार्ग दिला तर ते पार्टिशन खरंच माउंट आहे का, म्हणजे त्या फोल्डरला जोडलेलं आहे का, ते कळतं. या तिन्हींचं उत्तर एका फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल बोर्डावर ठेवू नका.

मग दोन बॅकअप घ्या. एक, बूट पार्टिशनमधल्या सगळ्या फाइलींची साधी प्रत. दोन, कार्डाच्या पहिल्या ३२ एमबीची ‘डीडी’ ने काढलेली जशीच्या तशी प्रत. दुसरा बॅकअप बरेच जण घेत नाहीत, आणि ऑलविनर-रॉकचिपवर नेमका तोच उपयोगी पडतो, कारण त्यांचा बूटलोडर कुठल्याही फोल्डरमध्ये दिसत नाही. फाइली कितीही काळजीने कॉपी केल्या तरी तो त्यात येत नाही.

पायरी ३: पार्टिशन टेबल आणि त्यापुढची रिकामी वाटणारी जागा

पार्टिशनांची यादी ठेवणारी टेबलं दोन प्रकारची, जुनं एमबीआर आणि नवं जीपीटी. जीपीटी टेबल सेक्टर १ पासून सेक्टर ३३ पर्यंत जागा घेतं. ऑलविनरचा बूटलोडर ८ केबीवर, म्हणजे सेक्टर १६ वर असतो. दोघं एकमेकांवर बसतात. जुन्या सवयीने ‘नवं आहे म्हणून जीपीटी’ निवडलं की बूटलोडर पुसला जातो, किंवा बूटलोडर नंतर लिहिला तर टेबल बिघडतं. सुटायचे मार्ग तीन: एमबीआर वापरा, जीपीटीमधल्या नोंदी १२८ वरून ५६ वर आणा, म्हणजे टेबल सेक्टर १५ पाशी संपतं, किंवा चिप एच३ नंतरची असेल तर बूटलोडर १२८ केबीवर लिहा, तो रॉम तिथेही शोधतो. मी तरी या बोर्डांवर एमबीआरच सुचवेन. दोन-तीन पार्टिशनांसाठी जीपीटीचा फायदा काहीच नाही.

रॉकचिपला जीपीटीची अडचण नाही, सेक्टर ६४ त्याच्या बाहेर आहे. पण पूर्ण यू-बूट साधारणपणे सेक्टर १६३८४ वर, म्हणजे ८ एमबीवर असतो. म्हणून पहिलं पार्टिशन १६ एमबीनंतर सुरू करा. पार्टिशन टूल आपणहून १ एमबीपासून सुरुवात सुचवतं. ती तशीच मान्य केली आणि पार्टिशन फॉरमॅट केलं, की यू-बूट गेला.

अ‍ॅमलॉजिकच्या बऱ्याच बोर्डांवर बूटलोडर अगदी सुरुवातीपासून असतो आणि तो एमबीआरच्या सेक्टरलाही स्पर्श करतो. म्हणूनच तो लिहिताना सूचना दोन तुकड्यांत दिलेली असते: आधी पहिले चारशे-काही बाइट, मग सेक्टर १ पासून पुढचं. मधले बाइट सोडायचे, कारण तिथे पार्टिशन टेबल आहे. ही सूचना एका ओळीत ‘सोपी’ करू नका.

रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलवर एमबीआर, पाय ४ आणि ५ वर एमबीआर किंवा जीपीटी दोन्ही. एमबीआरमध्ये फॅट ३२ पार्टिशनचा टाइप ‘०सी’ द्या. नुसतं फॉरमॅट केल्याने टाइप बदलत नाही. ‘८३’ हा लिनक्सचा टाइप तसाच राहिला आणि आत फॅट असलं, तर लॅपटॉप ते निवांत उघडतो आणि फर्मवेअर मात्र त्याकडे बघत नाही.

पायरी ४: फॅट निवडलं, पण नेमकं कोणतं?

फॅट १२, १६ की ३२ हे नियमानुसार लेबलवरून ठरत नाही, क्लस्टरच्या, म्हणजे फाइलींना जागा देण्याच्या तुकड्यांच्या, संख्येवरून ठरतं. ४०८५ पेक्षा कमी क्लस्टर असतील तर फॅट १२, ६५५२५ पेक्षा कमी तर फॅट १६, आणि त्यापुढे फॅट ३२. लिनक्स इथे सढळ आहे, वेगळ्या खुणा बघून चुकीचं पार्टिशनही चालवून घेतो. फर्मवेअर नियमाला धरून मोजत असेल तर तो त्याच पार्टिशनला फॅट १६ समजतो आणि आतला सगळा हिशोब कोसळतो.

उदाहरण घेऊ. ३२ एमबीच्या पार्टिशनवर सक्तीने फॅट ३२ केलं आणि क्लस्टर सगळ्यात लहान म्हणजे ५१२ बाइटचा ठेवला, तरी एकूण सेक्टर ६५५३६. त्यातून फॅटचे तक्ते आणि राखीव सेक्टर वजा केले की आकडा ६५५२५ च्या खाली येतो. ६४ एमबीवर तोच क्लस्टर ठेवला तर फॅट ३२ व्यवस्थित बसतं, पण क्लस्टर ४ केबीचा केला तर जेमतेम १६ हजार क्लस्टर उरतात आणि ते खरं फॅट ३२ राहत नाही. ‘एमकेएफएस.व्हीफॅट’ अशा वेळी क्लस्टर कमी असल्याचा इशारा छापतो. तो इशारा वाचा, पुढे ढकलू नका.

यावर सोपा उपाय म्हणजे पार्टिशन मुळातच ऐसपैस करणं. रास्पबेरी पाय ओएसने बुकवर्म या आवृत्तीत बूट पार्टिशन ५१२ एमबीचं केलं, आधी ते २५६ एमबीचं होतं. आजच्या कर्नल आणि इनिटरॅमएफएस (कर्नलबरोबर चढणारी सुरुवातीची छोटी फाइल सिस्टिम) यांच्या आकारांना ५१२ एमबी हा किमान आकडा धरा. जागा अपुरी पडली तर अपडेटच्या वेळी इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिलं जातं, आणि ते कळतं पुढच्या रीबूटला.

एक्सफॅटबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते नकळत येतं. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं कारखान्यातूनच एक्सफॅटमध्ये येतात, आणि एसडी असोसिएशनचं फॉरमॅटर ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड एक्सफॅटमध्येच करतं. नावात फॅट असलं तरी आतली रचना वेगळी आहे आणि पायचं फर्मवेअर ती वाचत नाही. पूर्ण इमेज लिहिणार असाल तर काळजी नाही, इमेज स्वतःची पार्टिशनं घेऊन येते. हाताने फाइली कॉपी करून कार्ड तयार करत असाल तर आधी फॅट ३२ करा.

पायरी ५: यू-बूट असेल आणि ईएक्सटी४ हवं असेल

ईएक्सटी४ चं आकर्षण समजण्यासारखं आहे. फॅटमध्ये सिमलिंक नाहीत, हार्डलिंक (त्याच फाइलीला दुसरं नाव) नाहीत, परवानग्या नाहीत, जर्नल (अर्धवट बदल सावरण्यासाठीची नोंदवही) नाही. डेबियनच्या पद्धतीत हे बोचतं. ‘डीपीकेजी’ हा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम नवी फाइल बसवण्याआधी जुन्या फाइलीची हार्डलिंक करून ठेवतो. बूट फोल्डर फॅटवर असेल तर त्याला ते जमत नाही, आणि कर्नलचं पॅकेज बॅकअप लिंक करता येत नाही असा संदेश देऊन अर्ध्यात थांबतं. म्हणूनच उबुंटू आणि रास्पबेरी पाय ओएस यांनी वेगळा मार्ग धरला: पॅकेजं ‘/बूट’ मध्ये, ईएक्सटी४ वर बसतात, आणि तिथून लागणाऱ्या फाइली ‘/बूट/फर्मवेअर’ इथे माउंट केलेल्या फॅट पार्टिशनवर कॉपी होतात. पायवर हीच रचना ठेवा, ती मोडून एकच बूट फोल्डर करू नका.

यू-बूटच्या बोर्डावर मात्र बूट पार्टिशन सरळ ईएक्सटी४ करता येतं. अडचण येते ती ईएक्सटी४ च्या नव्या वैशिष्ट्यांमुळे. ‘ई२एफएसप्रॉग्ज’ या साधनसंचाने आवृत्ती १.४३ पासून ‘मेटाडेटा_सीसम’ आणि ‘६४बिट’ आपणहून चालू केले, आणि २०२३ मधल्या १.४७.० पासून ‘मेटाडेटा_सीसम_सीड’ आणि ‘ऑर्फन_फाइल’. म्हणजे नव्या लॅपटॉपवर फॉरमॅट केलेलं ईएक्सटी४ आणि जुन्या बोर्डावरचं ईएक्सटी४ यांचं नाव एकच असलं तरी आतला करार वेगळा असतो. यू-बूट ‘मेटाडेटा_सीसम’ असलेल्या पार्टिशनवर लिहायला नकार देतो आणि तसं कन्सोलवर सांगतो. बोर्डावरचा ‘ई२एफएससीके’ जुना असेल तर ‘फीचर_सी१२’ हे वैशिष्ट्य आपल्याला माहीत नाही, नवी आवृत्ती आणा, असं म्हणून तो तपासणीच करत नाही. हे ‘सी१२’ म्हणजेच ‘ऑर्फन_फाइल’.

म्हणून बूट पार्टिशनसाठी ईएक्सटी४ करताना ही चारही वैशिष्ट्यं बंद करा. ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ ला मोठ्या ‘ओ’ चा पर्याय द्यायचा आणि प्रत्येक नावाआधी टोपीची खूण (^) लावून नावं स्वल्पविरामाने जोडायची. तुमचं साधन जुनं असेल तर त्याला नवी नावं ओळखता येणार नाहीत. तेव्हा ती नावं गाळा, कारण ती वैशिष्ट्यं तिथे नसतातच. नंतर ‘ट्यून२एफएस -एल’ चालवून वैशिष्ट्यांची ओळ डोळ्यांनी तपासा. काहीशे एमबीच्या पार्टिशनवर यातल्या कशाचीही उणीव भासत नाही.

जर्नलवर इथे फार विसंबू नका. यू-बूट फाइली वाचताना जर्नल पुन्हा चालवून बघत नाही. कर्नल अपडेट झाल्या झाल्या वीज गेली, तर लिनक्सला जर्नलमधून जी फाइल पूर्ण दिसली असती ती यू-बूटला अर्धवट किंवा गैरहजर दिसू शकते. असं कार्ड लॅपटॉपला लावून त्यावर ‘ई२एफएससीके’ चालवलं की बरेचदा ते पुन्हा बूट होतं. अपडेटनंतर ‘सिंक’ देऊन मगच रीबूट करण्याची सवय फॅट आणि ईएक्सटी४ दोन्हीला लागू आहे.

एक्सएफएस आणि एफ२एफएस बूट पार्टिशनवर नकोत. रूटवर खुशाल वापरा.

पायरी ६: फॉरमॅट, कॉपी आणि मागे राहणारे संदर्भ

कार्ड दुसऱ्या संगणकावर लावा, चालू सिस्टिमवर हे करू नका. पार्टिशन अनमाउंट करून फॉरमॅट करा, लेबल पूर्वीचंच द्या. कॉपी करताना फॅटसाठी ‘आरसिंक’ ला मालकी आणि परवानग्या सांभाळायला सांगू नका, नाहीतर प्रत्येक फाइलमागे त्रुटी येते. मूळ ठिकाणी सिमलिंक असतील तर लिंकऐवजी खरी फाइल उतरवणारा पर्याय द्या. फॅटमध्ये वेळेची नोंद दोन सेकंदांच्या पटीत होते, तेव्हा पुन्हा तुलना करायची असेल तर एका सेकंदाची सूट द्या.

आता संदर्भ. फॉरमॅट केलं की फाइल सिस्टिमचा यूयूआयडी बदलतो. ‘एफएसटॅब’ मध्ये (कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं याची यादी) जुना यूयूआयडी असेल तर बूट पार्टिशन माउंट होणार नाही, आणि बऱ्याच सिस्टिम त्या एका ओळीसाठी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतात. पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, मात्र पार्टिशन टेबलवर अवलंबून असतो, नुसत्या फॉरमॅटने बदलत नाही. टेबल नव्याने केलं असेल तर तोही बदलतो आणि मग पायवरच्या ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ मधला रूटचा पत्ताही बदलावा लागतो. ही फाइल एकाच ओळीत असायला हवी, मधे एंटर पडू देऊ नका. फाइल सिस्टिमचा प्रकार बदलला असेल तर ‘एफएसटॅब’ मधला तिसरा रकानाही बदला.

यू-बूटच्या बोर्डावर ‘एक्स्टलिनक्स.कॉन्फ’ या यू-बूट वाचतो त्या सेटिंग फाइलीतले मार्ग तपासा. ते मार्ग त्या पार्टिशनच्या मुळापासून मोजले जातात, चालू लिनक्सच्या मुळापासून नाहीत. बूट फोल्डर रूट पार्टिशनमध्येच होता तेव्हा कर्नलचा मार्ग ‘/बूट/इमेज’ होता. बूट वेगळ्या पार्टिशनवर गेल्यावर तोच ‘/इमेज’ झाला. फाइल जागेवर असते, नाव बरोबर असतं आणि तरी यू-बूटला ती सापडत नाही, ती यामुळे. फॅटवरून ईएक्सटी४ वर जाताना अक्षरांचा लहान-मोठेपणाही मोजला जाऊ लागतो.

बूटेबल खूण विसरू नका. यू-बूटची नेहमीची पद्धत अशी की खूण केलेली पार्टिशनं असतील तर तो तेवढीच बघतो, आणि एकालाही खूण नसेल तर फक्त पहिलं बघतो. तुमचं बूट पार्टिशन दुसरं असेल आणि खूण नसेल, तर यू-बूट तिथवर पोहोचतच नाही.

पायरी ७: माउंट नसलेल्या बूट फोल्डरचं दुष्टचक्र

हा बिघाड वेगळा सांगण्याजोगा आहे, कारण फाइल सिस्टिम पूर्ण ठीक असूनही दोष तिचाच वाटतो.

काही कारणाने बूट पार्टिशन माउंट झालेलं नसतं. सिस्टिम चालू असते, काही जाणवत नाही. अपडेट येतं. नवा कर्नल ‘/बूट’ मध्ये लिहिला जातो, पण ते आता रूट पार्टिशनवरचं रिकामं फोल्डर आहे. त्याची नवी मॉड्यूल (कर्नलचे गरजेनुसार चढणारे भाग) बसतात, जुनी काढली जातात. रीबूट केल्यावर फर्मवेअर खऱ्या बूट पार्टिशनवरचा जुना कर्नल उचलतो. त्या कर्नलला त्याची मॉड्यूल सापडत नाहीत. व्हीफॅट (फॅटचं लिनक्समधलं नाव) किंवा तिला लागणारं अक्षरसंचाचं मॉड्यूल त्यातच होतं. आता बूट पार्टिशन माउंट करायला गेलं की ‘सीपी४३७’ हे कोडपेज सापडत नाही किंवा व्हीफॅट ही फाइल सिस्टिमच अनोळखी आहे, असा संदेश येतो. माउंट होत नाही म्हणून नवा कर्नल तिथे पोहोचत नाही, आणि तो पोहोचत नाही म्हणून माउंट होत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘यूनेम -आर’ जी आवृत्ती सांगतो त्या नावाचं फोल्डर ‘/लिब/मॉड्यूल्स’ मध्ये आहे का बघा. नसेल तर हेच झालं आहे. कार्ड दुसऱ्या संगणकावर न्या, रूट पार्टिशनवरच्या ‘/बूट’ मधल्या फाइली खऱ्या बूट पार्टिशनवर हलवा, ‘एफएसटॅब’ दुरुस्त करा. बूट पार्टिशन फॉरमॅट करायची काही गरज नाही.

पायरी ८: तरीही बोर्ड सुरू होत नसेल तर

पायवर हिरवा दिवा मोजा. दोन लांब आणि एक आखूड लुकलुक म्हणजे पार्टिशन फॅट नाही. दोन लांब, दोन आखूड म्हणजे पार्टिशन वाचता आलं नाही. लांब नाही, नुसत्या चार आखूड म्हणजे ‘स्टार्ट’ ची फाइल सापडली नाही. सात आखूड म्हणजे कर्नल सापडला नाही. म्हणजे फाइल सिस्टिम ठीक आहे, फाइलींकडे बघा.

बाकी बोर्डांवर सिरियल कन्सोलला पर्याय नाही. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॉप्टर लावा, गती बहुतेक ठिकाणी ११५२००, रॉकचिपवर बरेचदा १५०००००. पडद्यावर एकही अक्षर आलं नाही तर आधी गती आणि तारा पडताळा; त्या बरोबर असतील तर रॉमला बूटलोडरच मिळालेला नाही, तेव्हा पायरी ३ कडे जा आणि पायरी २ मध्ये जपून ठेवलेला पहिल्या ३२ एमबीचा बॅकअप हाताशी घ्या. यू-बूट आला असेल तर कोणतीही कळ दाबून त्याला थांबवा. ‘एमएमसी लिस्ट’ ने कार्डाचा क्रमांक शोधा, कारण ० म्हणजे कार्ड की ईएमएमसी (बोर्डावरची साठवण चिप) हे बोर्डागणिक बदलतं. ‘पार्ट लिस्ट’ ने पार्टिशनं बघा. मग ‘एफएसटाइप’ ला तो क्रमांक आणि पार्टिशन द्या: यू-बूटला ती फाइल सिस्टिम ओळखता येत असेल तर तो नाव छापतो. शेवटी ‘एलएस’ ने फाइलींची यादी मागवा. यादी आली आणि कर्नल त्यात असला, तर दोष मार्गात किंवा ‘एक्स्टलिनक्स.कॉन्फ’ मध्ये आहे. लिनक्सवर दिसणारं पार्टिशन इथे ओळखलंच जात नसेल तर पायरी ४ किंवा ५ नव्याने करा, आणि या खेपेला वैशिष्ट्यांची ओळ कार्ड बोर्डात घालण्याआधी तपासा.